सहा लाख जळाले, एक लाख वाचले

वाचकाचं पत्र

ताई,

मी सदतीस वर्षांची, साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत हिशेब बघते. लहानपणापासून मला अद्भुत गोष्टींचं वेड आहे. ड्रॅगन, चेटकिणी, कुठल्याच नकाशात नसलेली राज्यं, बोलणारी झाडं. पाचपाचशे पानांचे सात-आठ भाग मी दीड-दोन महिन्यांत संपवते. पण त्यावर बोलायला कोणी नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. गेल्या वेळी धीर करून मी माझ्या सगळ्यांत आवडत्या मालिकेवर बोलले. चांगली चाळीस मिनिटं बोलले. शेवटी एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मॅडम, आता चरित्रं-आत्मचरित्रं वाचायचं वय झालं तुमचं. हे मुलांना वाचू द्या." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडले. जावेला त्याच मालिकेचा पहिला भाग दिला होता, तो तिने तीस पानांत परत केला. "किती गं ती नावं!" सासूबाईंचं वाचन म्हणजे श्रावणातली नवनाथांची पोथी. नवरा म्हणतो, आवडतं ना तुला, मग वाच, लोकांना कशाला सांगत बसतेस? पण ताई, पुस्तक संपलं की आत काहीतरी भरून राहतं, आणि कोणाला सांगितल्याशिवाय ते उतरत नाही. हा वेडेपणा आहे का? माझ्यासारखे लोक कुठे सापडतील? मला अगं-तूगं केलंत तरी चालेल.

— ड्रॅगनवाली

उत्तर

प्रिय ड्रॅगनवाली,

परवानगी दिलीच आहेस, तर अगं-तूगंच करते. तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात मी एकतीस वर्षं काउंटरमागे काढली, त्यामुळे पुस्तक संपल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे मला ठाऊक आहे. पुस्तक परत करायला आलेला माणूस पावती घेऊनही जागचा हलत नाही. मागे रांग लागलेली असते, आणि हा म्हणतो, "बाई, तुम्ही वाचलंय का हो हे?" तेव्हा वेडेपणाचं सोड. तसे वेडे मी हजारोंनी पाहिलेत.

पण अगं, चाळीस मिनिटं?

त्या ज्येष्ठांचं बोलणं चुकीचंच होतं, त्याच्याकडे मी येणार आहे. आधी तुझं बघू. त्या चाळीस मिनिटांत तू काय सांगितलंस ते पत्रात लिहिलेलं नाहीस, तरी अंदाज करते. कोणत्या राजाचा कोण सावत्र भाऊ, उत्तरेच्या डोंगरापलीकडे कोणती जमात राहते, त्या जगात जादूचे नियम काय, तिसऱ्या भागात मेलेला माणूस पाचव्या भागात परत कसा येतो. हो ना? म्हणजे लोकांना जेवायला बोलावलंस आणि किराणा मालाची यादी वाचून दाखवलीस. यादीत माल अस्सल असेल, पण यादीने कोणाचं पोट भरत नाही.

ज्या माणसाला श्रोतेच मिळेनात, अशा एकाची गोष्ट तुला सांगते. ती आपल्या पैठणची आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच ती येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्याच, सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एकदा राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी दमून म्हणाली, "मोदकैः ताडय", म्हणजे "मा उदकैः", पाणी मारू नका. राजाचं संस्कृत कच्चं. त्याने मोदक मागवले! राणी हसली, राजा खजील झाला आणि त्याने संस्कृत शिकायचा हट्ट धरला. (विंग्रजी चुकलं म्हणून कानकोंडी होणारी माणसं दोन हजार वर्षांपूर्वीही होती, फक्त भाषा वेगळी.) गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली आणि हरला. पैजेप्रमाणे त्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. मग तो विंध्याच्या अरण्यात गेला, तिथे पैशाची, म्हणजे पिशाचांची, भाषा शिकला आणि तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. अरण्यात शाई कुठली, म्हणून स्वतःच्या रक्ताने.

शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजाने बघितलं: सात लाख श्लोक, पिशाचांची भाषा, वर रक्ताची अक्षरं. त्याने धिक्कार करून ती परत पाठवली. तुझा वाचनकट्टा तसा सौम्यच म्हणायचा.

पुढचं नीट वाच. गुणाढ्य एका टेकडीवर गेला. अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो त्यात टाकू लागला. ऐकायला कोण होतं? हरणं, रानडुकरं, रेडे. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ती भोवती बसून राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी कारण काढलं की सुकं मांस खाण्यात येतंय. आचाऱ्यांनी पारध्यांना धारेवर धरलं, पारधी म्हणाले, आम्ही काय करणार, जनावरं चरतच नाहीत, टेकडीवर एक ब्राह्मण काहीतरी वाचतोय ते ऐकत बसलीत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख तेवढे वाचले होते. का वाचले? तर त्या भागावर शिष्यांचा फार जीव होता, म्हणून गुणाढ्याने तो वेगळा काढून ठेवला होता.

मूळ बृहत्कथा आज कुठेच नाही. क्षेमेंद्राने, सोमदेवाने, बुधस्वामीने तिच्यावरून संस्कृतात ज्या कथा रचल्या, त्या उरल्या. आणि आता मला सांग, गुणाढ्याने त्या हरणांना ग्रंथाचा परिचय करून दिला का? पात्रांची वंशावळ सांगितली का? त्याने पान उघडलं आणि वाचलं. टेकडीवर जे होते त्यांना वाचून दाखवलं. आणि ज्यांच्यामुळे काही उरलं ते दोन शिष्य होते. दोनच. त्यांनाही सात लाखांतला एकच लाख जीव की प्राण होता.

तू एकदम अख्ख्या दरबारात गेलीस. तुला दोन शिष्य शोधायचे आहेत आणि एक पान उघडायचं आहे.

पान कुठलं ते निवडायला मात्र अक्कल लागते. पहिलं पान बहुतेक वेळा नको. अद्भुत कादंबरीचं पहिलं प्रकरण म्हणजे लग्नघरात शिरल्यासारखं, सगळे नातेवाईक एकदम अंगावर येतात. तुझी जाऊ तिथेच गुदमरली. अशी दोन पानं काढ की ज्यांत माणसं दोन-तीनच आहेत, काहीतरी घडतंय, आणि मागचं-पुढचं माहीत नसलं तरी अंगावर काटा येतो. इंग्रजीतलं असेल तर वाचता वाचता मराठीत सांग. अडणार नाही. 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला मराठीत काय म्हणायचं, यावर किती डोकं खाजवलं असेल असं वाटतं, आणि उत्तर आपल्या आजीच्या तोंडात होतं: 'हॅरी पॉटर आणि परीस'. आपल्या भाषेत चेटूक, करणी, हडळ, मुंजा, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा, आसरा असं सगळं गोदाम भरलेलं आहे. वापर की ते.

दहा मिनिटं वाच. मग थांब. कोणी "पुढे?" म्हणालं, तर तो तुझा शिष्य.

आणि वाचायची सोय नसेल, डब्याच्या सुट्टीत नुसतं बोलायचं असेल, तर वेताळाकडून शीक. चांदोबातला आपला तो झाडावरचा वेताळ. त्याच्या पंचवीस गोष्टीही सोमदेवाच्या ग्रंथात आहेत. वेताळाचा श्रोता किती अवघड होता बघ. रात्रीची वेळ, स्मशान, खांद्यावर प्रेत, आणि तोंड उघडायचं नाही असा नियम. तरीही शेवटची गोष्ट सोडली तर दरवेळी तो राजाला बोलता करतोच. कसा? गोष्ट छोटी ठेवतो आणि शेवटी असा प्रश्न टाकतो की उत्तर दिल्याशिवाय राहवतच नाही. वर दम भरतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील.

एक नमुना देते. नवरा-बायको आणि बायकोचा भाऊ प्रवासात देवीच्या देवळापाशी थांबतात. नवरा एकटा आत जातो आणि भक्तीच्या भरात स्वतःचं मस्तक देवीला वाहतो. मेहुणा बघायला जातो, तोही तेच करतो. बायको आत येते, दोघांना बघते आणि गळफास लावायला निघते. देवी प्रसन्न होऊन म्हणते, डोकी धडांना लाव, मी जिवंत करते. घाईत हिच्याकडून डोक्यांची अदलाबदल होते. आता दोघे उभे आहेत. नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर, भावाचं डोकं नवऱ्याच्या धडावर. तिचा नवरा कोण?

राजाचं उत्तर होतं, डोकं ज्याचं तो, कारण सगळ्या अंगांत मस्तक श्रेष्ठ. पण हे उत्तर कोणाला पटो न पटो, या एका प्रश्नावर थॉमस मान नावाच्या जर्मन लेखकाने १९४० साली अख्खी कादंबरिका लिहिली, आणि गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' त्यातूनच उभं राहिलं. मी हा प्रश्न आमच्या वाचनालयाच्या हळदीकुंकवाला टाकला होता. तिळगूळ बाजूला राहिला. ज्या बायकांनी जन्मात कथा-कादंबरीचं कार्ड काढलं नव्हतं त्या तावातावाने भांडत होत्या. एकीचं म्हणणं, संसार काय डोक्याशी करायचा असतो का? दुसरी म्हणाली, मग काय फक्त धडाशी? पुढचं इथे छापण्यासारखं नाही.

तुझ्या मालिकेतही असा एखादा प्रश्न असणारच. कुणाला तरी दोन वाईटांतून एक निवडायचं असेल. कुणी मित्राला वाचवण्यासाठी खोटी शपथ घेतली असेल. तो प्रश्न चार वाक्यांत सांग, विचित्र नावं गाळून, "एक मुलगी असते" इथून सुरू करून. फक्त शेवट फोडू नकोस. वाचनालयात असताना रहस्यकथांच्या शेवटच्या पानावर पेनाने खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग होता. सापडला असता तर मी अनामत रक्कम जप्त केली असती.

आता ते ज्येष्ठ. "हे मुलांचं" म्हणणारे. वाद घालायला जाऊ नकोस, पण मनातून त्यांना मोठं करू नकोस. नाट्यशास्त्रात भरताने आठ रस सांगितले त्यांत अद्भुत हा एक आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय, आणि अमुक वयानंतर तो बंद करावा असं भरताने कुठे म्हटलेलं नाही. हीच नाकं विज्ञानकथेलाही मुरडली जायची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःच्या आद्याक्षरांची उलटापालट करून. नावाकडे बघून नव्हे, गोष्टीकडे बघून निकाल लागावा म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनाच पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. तेव्हा कट्ट्यावर कोण हसतं यावर फार जाऊ नये. एवढं मात्र कर, पुढच्या महिन्यात तिथे जा. गप्प बसायला नको, चिडायलाही नको. दुसऱ्यांचं ऐक. ते ज्येष्ठ एखाद्या आत्मचरित्रावर बोलतील तेव्हा खरोखर मन लावून ऐक आणि एक प्रश्न विचार. तुझ्या चाळीस मिनिटांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, हे लक्षात आलंय का तुझ्या?

तुझ्यासारखे कुठे सापडतील, हा तुझा खरा प्रश्न. ते आहेत आणि तुझ्यासारखेच लपून आहेत.

आमच्याकडे एक निवृत्त शिरस्तेदार यायचे. काळी टोपी, कडक इस्त्री. काउंटरवर उघडपणे चरित्र घ्यायचे आणि त्याखाली दडवून एक भयकथा. घरी नेताना तिला वर्तमानपत्राचं कव्हर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकदा परत आलेलं पुस्तक चाळताना मला समासात पेन्सिलीची अक्षरं दिसली. एका वळणदार हातात लिहिलं होतं, "हे आम्हांस आधीच कळले होते." त्याखाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात: "खोटं!" दहा पानांनी पुन्हा: "दार उघडू नको!" खाली: "उघडणारच ती. नाहीतर कथा कशी होणार?" पुस्तकात लिहिणं हा आमच्याकडे दंडाचा गुन्हा. रजिस्टर काढलं, ते पुस्तक कोणी कोणी नेलं ते पाहिलं. एक नाव शिरस्तेदारांचं. दुसरं बारावीतल्या एका मुलीचं. वर्षभर दोघांनी ओळीने अकरा पुस्तकांत एकमेकांशी भांडण चालवलं होतं आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं.

मी दंड केला, प्रत्येकी पाच रुपये. आणि दोघांना एकाच वेळी पावती घ्यायला बोलावलं.

तुझ्या गावातल्या वाचनालयात जा आणि काउंटरवरच्या माणसाशी बोल. या प्रकारची पुस्तकं कोण नेतं हे त्याला तोंडपाठ असतं. नावं तो देणार नाही, देऊही नयेत. पण तुझी चिठ्ठी तो देऊ शकतो. "हे पुस्तक आवडलं असेल तर मला बोलायचंय" एवढं लिहून, नंबर न टाकता, काउंटरवर ठेव. पुस्तकात खोचू नकोस, ती हरवते. कॉलेजच्या ग्रंथालयातही विचार. मुलांच्या विभागात ताटकळत बसलेले आईबाप बघ, त्यांतला एखादा मुलाच्या आधी स्वतःच वाचत असतो.

चार-पाच जण मिळाले की भिशी लावा. खरंच सांगते. पाच जणांनी महिन्याला दोनदोनशे रुपये काढायचे, ज्याचा नंबर येईल त्याने हजाराची पुस्तकं त्याच्या आवडीने घ्यायची, सगळ्यांनी फिरवून वाचायची, शेवटी पुस्तकं त्याची. या जाडजूड मालिका एकट्याला परवडत नाहीत, आणि दुसऱ्याच्या आवडीचं वाचायची सक्ती न होता सवय लागते. अर्ध्यात सोडायला परवानगी ठेवा. "मी तीस पानांत सोडलं" हे न घाबरता सांगता आलं पाहिजे. म्हणजे जावेवरचा राग काढून टाक. तिने तुला नाकारलं नाही, तीस पानं नाकारली. तिला काय आवडतं ते विचारलंस का? चेटकीण नको असेल, पण संसारात घुसलेलं एखादं छोटंसं भूत चालेल. पातळ पुस्तक दे. मालिका तर मुळीच नको.

आणि सगळ्यांची आवड जुळली पाहिजे असा आग्रह धरू नकोस. ऑक्सफर्डमध्ये टॉल्किन आणि त्यांचे मित्र दर गुरुवारी रात्री त्यांतल्याच सी. एस. लुईस या लेखकाच्या कॉलेजातल्या खोलीत जमायचे आणि लिहीत असलेलं एकमेकांना वाचून दाखवायचे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणं तिथेच वाचली गेली. पुस्तक १९५४-५५ मध्ये आलं, त्याच्या कितीतरी वर्षं आधी. त्या खोलीतल्या सगळ्यांनाच ती आवडत होती असं नाही, डायसन नावाचे एक सदस्य तर वैतागायचे. पण लुईस ऐकत राहिले. पुढे टॉल्किननी लिहून ठेवलं की बराच काळ आपला श्रोता हा एकच होता, आणि आपलं लिखाण खाजगी छंदापलीकडचं असू शकतं हे त्याच्यामुळेच कळलं. मग लुईसनी स्वतःची 'नार्निया' ही अद्भुत मालिका लिहिली. टॉल्किनना ती आवडली नाही! इतकी वर्षं आपलं ऐकून घेणाऱ्या मित्राचं पुस्तक आवडू नये, यात केवढं अवघडलेपण असेल. पण जे ऐकलं गेलं ते ऐकलंच गेलं होतं.

राहता राहिल्या सासूबाई. "त्यांचं वाचन म्हणजे पोथी" हे तू जरा उडवून लिहिलंस, म्हणून बोलते. त्या काउंटरवरच्या एकतीस वर्षांत अद्भुताचे सगळ्यांत मुरलेले वाचक मला मासिकं नेणाऱ्यांत भेटले नाहीत, श्रावणात नवनाथ लावणाऱ्या म्हाताऱ्यांत भेटले. मालुकवींचा 'नवनाथ भक्तिसार', चाळीस अध्याय. चिखलाच्या बाहुल्यातून गहिनीनाथ जन्मतो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकतात आणि गोरक्ष तिथे मृदंगातून "चलो मच्छिंदर, गोरख आया" घुमवतो. कोणत्या अस्त्रावर कोणतं अस्त्र चालतं, हे तुझ्या सासूबाई तुझ्या त्या मालिकेच्या लेखकापेक्षा जास्त चोख सांगतील. फक्त एक पथ्य पाळ. त्यांच्यासमोर पोथीला 'फँटसी' म्हणू नकोस. त्यांच्यासाठी ती पोथी आहे, सोवळ्यात वाचायची, आणि तुझ्या ड्रॅगनच्या रांगेत तिला बसवलेलं त्यांना रुचणार नाही. तू नुसतं जाऊन बस. अध्याय संपला की विचार, गोरक्षाला इतकं कळत होतं तर गुरूला आणायला त्याने मृदंगच का वाजवला, सरळ आत का गेला नाही?

त्या सांगतील. बराच वेळ सांगतील. मग कधीतरी, निवडणं-टिपणं चाललं असताना, तूही त्यांना डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट सांग आणि त्यांचा निकाल मला कळव. आमच्या हळदीकुंकवाला धडाच्या बाजूने सात मतं पडली होती, डोक्याच्या बाजूने सहा.

— तुझी ग्रंथपालताई